उकाडा एकाचा, वीजबिल दुसऱ्याचं

पर्यावरणपूरक घर कसं असावं, यावर मराठीत आता पुष्कळ लिहिलं जातं. गच्चीवर सोलर बसवा, बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करा, जास्त तारांकित फ्रिज घ्या, प्लॅस्टिकच्या ब्रशऐवजी बांबूचा वापरा. यातला एकही सल्ला चुकीचा नाही. पण या सगळ्या सल्ल्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: घर तुमचं आहे, भिंतीला कुठला रंग द्यायचा ते तुम्ही ठरवता, कुठला एसी घ्यायचा ते तुम्ही ठरवता आणि महिन्याचं बिलही तुमच्याच हातात येतं. ज्याच्याकडे यातलं काहीही नाही, त्यानं काय करायचं? हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे समोर येतो तो कतारच्या इंडस्ट्रियल एरियात. दोह्याच्या नैर्ऋत्येला, सलवा रोडलगत पसरलेला हा भाग. इथे रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. गॅरेज, गोदामं, फॅब्रिकेशनची दुकानं, भंगाराचे ढीग आणि त्यांच्या मधोमध लाखो कामगारांची राहण्याची ठिकाणं, म्हणजे लेबर कॅम्प. तिथले कामगार या भागाला ‘सनाया’ म्हणतात. नेपाळी, बांगलादेशी, श्रीलंकन, पाकिस्तानी आणि भारतातल्या जवळजवळ प्रत्येक राज्यातली माणसं इथे राहतात. रत्नागिरी-रायगडच्या गावांत ‘गल्फला गेलेला’ माणूस नसलेली आळी शोधावी लागते. तेव्हा हा विषय मराठी वाचकाला परका नाही.

या लेखातलं म्हणणं एकच आहे. घर पर्यावरणपूरक होतं की नाही, हे राहणाऱ्याच्या सवयींपेक्षा ते घर बांधणारा, त्यात यंत्रं बसवणारा आणि त्याचं बिल भरणारा जास्त ठरवतो. म्हणून जबाबदारीही अधिकाराच्या प्रमाणात वाटली गेली पाहिजे. ज्याच्या हाती भिंत आहे, त्याच्याकडे भिंतीचा जाब मागावा. ज्याच्या हाती फक्त नळ आहे, त्याच्याकडे नळापुरता. हे तत्त्व इंडस्ट्रियल एरियात ढळढळीत दिसतं. पण लागू ते पुण्यातल्या भाड्याच्या खोलीलाही होतं आणि बांधकामाच्या जागेवरच्या पत्र्याच्या शेडलाही.

आधी कॅम्पमधला माणूस कसा राहतो, ते पाहू. कामगारांच्या निवासाबद्दल कतारनं २०१४ मध्ये केलेल्या नियमांनुसार प्रत्येकाला किमान सहा चौरस मीटर जागा मिळाली पाहिजे, एका खोलीत चारपेक्षा जास्त खाटा नकोत आणि एकावर एक खाटा तर मुळीच नकोत. नियम सगळीकडे पाळला जातो असं नाही. पण तो पूर्ण पाळला, तरी एका माणसाच्या वाट्याला येते ती एक खाट, तिच्याखाली मावणारी बॅग आणि भिंतीवर कपड्यांचा खिळा. स्वतःची गाडी नाही. कामावर कंपनीची बस नेते आणि आणते. कपडे मोजके, ते झिजेपर्यंत वापरले जातात. मोबाइल बिघडला तर दुकानात नेऊन दुरुस्त होतो. सहाआठ जणांची मेस असेल तर एकाच शेगडीवर, एकाच मोठ्या कुकरात भात शिजतो, म्हणजे माणशी गॅसही कमीच लागतो. कमी जागा, कमी वस्तू, सामायिक वाहन, सामायिक स्वयंपाक, दुरुस्ती: पर्यावरणाच्या पुस्तकांतले बहुतेक धडे हा माणूस रोज गिरवतो. ते त्यानं हौसेनं निवडलेलं नाही, परिस्थितीनं त्याच्यावर लादलेलं आहे, हे विसरून चालणार नाही. गरिबीला पर्यावरणप्रेम म्हणून मिरवणं हा अन्याय आहे. पण हिशोब तर हिशोबच राहतो: या माणसाच्या हातात असलेल्या खर्चात काटकसरीला जागा फारशी उरलेली नाही.

आता दुसरी बाजू. कतारचं दरडोई कार्बन उत्सर्जन जगात सर्वाधिक असलेल्या देशांमध्ये मोडतं. माणशी वर्षाला तीस टनांहून अधिक. भारताचा हाच आकडा दोन टनांच्या आसपास आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा, की हा आकडा घरांचा नाहीच. कतार जगाला द्रवरूप नैसर्गिक वायू विकतो आणि तो वायू काढून थंड करण्याच्या कारखान्यांचा धूर या देशाच्या खात्यावर पडतो. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे गेलं पाहिजे. वायुउद्योगाचा वाटा फार मोठा आहे आणि कॅम्पमधला दिवा बंद केल्यानं तो कमी होणार नाही. पण उरलेला वाटा लहान नाही. कतारची वीज आजही मुख्यतः वायू जाळूनच तयार होते, आणि उन्हाळ्यात त्या विजेतला निम्म्याहून अधिक भाग इमारती थंड ठेवण्यात जातो. जगाची वायूची मागणी कमी करणं कतारमधल्या घरमालकाच्या हातात नाही. स्वतःच्या इमारतीचं छत तापू न देणं मात्र त्याच्या हातात आहे.

थंडाव्याचा हिशोब थोडा जवळून करू. चौघांची खोली धरा, चोवीस चौरस मीटरची, त्यात दीड टनाचा एक एसी. तो चालताना साधारण पावणेदोन किलोवॅट वीज घेतो. उन्हाळ्याच्या दिवसात त्याचा कॉम्प्रेसर एकूण बारा तास चालला असं गृहीत धरलं, तर दिवसाला वीस-एकवीस युनिट लागतात, म्हणजे माणशी पाच. आता शहरातला एक मोठा व्हिला घ्या. चौघांचं कुटुंब, पाच-सहा एसी, त्यातले सरासरी तीन तेवढेच तास चालतात असं धरलं, तर माणशी पंधराच्या वर युनिट जातात. गृहीतकं थोडी इकडेतिकडे केली तरी चित्र पालटत नाही. कॅम्पमधला माणूस थंडाव्यावर कमीच वीज वापरतो, कारण त्याच्या वाट्याला जागाच कमी आहे. तरीही त्या वीस युनिटांतली कितीतरी वाया जातात, आणि ती त्याच्या हातून वाया जात नाहीत. ती भिंतीतून, छतातून आणि यंत्रातून जातात.

ती कशी जातात, हे समजून घेण्यासारखं आहे. अनेक कॅम्पच्या इमारती काँक्रीटच्या पोकळ ब्लॉकच्या असतात. कुठे पत्र्याच्या पोर्टा केबिन असतात. सपाट छतावर दिवसभर ऊन पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये दोह्याचं तापमान चाळिशीच्या बरंच पुढे जातं, कधीकधी पंचेचाळिशीही ओलांडतं. रात्रीही ते तिशीखाली क्वचितच येतं. दिवसभर तापलेलं छत रात्री खोलीत उष्णता सोडत राहतं, तेव्हा एसी माणसाला थंड करण्याऐवजी छताशी झुंजत असतो. उष्णतारोधन नसलेल्या खोलीत एसी चालवणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरत राहणं. त्यात इंडस्ट्रियल एरियाची धूळ. सिमेंटची, लोखंड घासल्याची, वाळवंटातून उडून आलेली. एसीची पुढची जाळी काढली की आतल्या फिल्टरवर राखाडी साय जमलेली दिसते, बोटानं ओढली तर पापुद्र्यासारखी निघणारी. हवा आत येत नाही, कॉइलवर बर्फ धरतो, कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो आणि खोली तरीही थंड होत नाही. मग कोणीतरी रिमोटवर अठरा अंश लावतो. अठरावर ठेवल्यानं खोली लवकर थंड होत नाही. यंत्र फक्त जास्त वेळ चालतं. पण थकूनभागून आलेल्या माणसाच्या हातात तेवढं एकच बटण असतं, तेव्हा तो ते दाबणारच.

या फिल्टरनं आणखी एक महागडी चूक झाकली जाते. एसी थंड करेनासा झाला की ‘गॅस संपला, भरून द्या’ असं आपण सहज म्हणतो. खरं तर एसीतला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि तो गॅस हवेत गेलेला आहे. जुन्या एसींत असणारा आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर टप्प्याटप्प्यानं हद्दपार होतो आहे. हवा तापवण्याच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठराशे पट आहे. म्हणजे एक किलो आर-२२ गळाला, तर जवळजवळ पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. सरासरी भारतीयाच्या वर्षभराच्या उत्सर्जनाजवळ जाणारं. नव्या यंत्रांतला आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, पण हवा तापवण्यात तोही कमी नाही. आर-३२ त्या मानानं बराच बरा. तेव्हा गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरत राहणं हा घरातल्या सर्वांत मोठ्या पर्यावरणीय अपराधांपैकी एक आहे, आणि तो कोणाच्याही यादीत नसतो. एसी दुरुस्तीची दुकानं आणि हुशार कारागीर इंडस्ट्रियल एरियात रस्त्यारस्त्यावर आहेत. कमतरता आहे ती गळती शोधण्याचे पैसे देणाऱ्याची, आणि जुना गॅस हवेत न सोडता बाटलीत काढून घ्या असं बजावणाऱ्याची.

हे पैसे कोणी का देत नाही, याचं उत्तर बिलाच्या वाटेत आहे. कॅम्पची इमारत बहुधा एका मालकाची असते. कंपनी ती भाड्यानं घेते. विजेचं बिल कंपनी किंवा मालक भरतो. राहणारा तिसराच. बिल कंपनी भरत असेल आणि मालकानं छताला रोधन केलं, तर पैसा त्याचा जातो आणि बचत कंपनीची होते. कंपनीचा भाडेकरार संपेल तेव्हा ती सोडून जाणार, म्हणून तिलाही खर्च नको असतो. आणि राहणाऱ्याला ना बिल दिसतं, ना भिंतीवर अधिकार आहे. तिघेही आपापल्या जागी शहाणपणानंच वागतात आणि एकूण परिणाम मात्र मूर्खपणाचा होतो. मुंबई-पुण्यातल्या भाडेकरूला हे समजावून सांगायला नको. मालक स्वस्तातला जुना एसी लावून देतो, कारण बिल भाडेकरू भरणार. भाडेकरू नवा घेत नाही, कारण अकरा महिन्यांनी घर बदलायचं असतं. अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही ठाऊक आहे: जिथे बाजारातल्या तिघांचे स्वार्थ एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे नियम करावा लागतो.

नियमानं फरक पडतो, याचे दाखले कतारमध्येच आहेत. विजेच्या आणि पाण्याच्या बचतीचा कायदा तिथे २००८ मध्ये झाला, २०१५ मध्ये तो कडक झाला. नळी लावून गाडी किंवा अंगण धुणं, दिवसा बाहेरचे दिवे चालू ठेवणं यांना जबर दंड आहे. वीज-पाण्याची सरकारी कंपनी कहरामा २०१२ पासून ‘तरशीद’ नावाची बचत मोहीम चालवते. जास्त वीज खाणाऱ्या पिवळ्या बल्बांवर २०१६ मध्ये बंदी आली आणि बाजारातलं दिव्याचं शेल्फ बदललं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं मन वळवत बसावं लागलं नाही. १५ नोव्हेंबर २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. महाराष्ट्रातही २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी झाली. जिथे अंमलबजावणी सातत्यानं झाली तिथे पिशवी कमी झाली, जिथे ढिली पडली तिथे ती परत आली. सवय नियमाच्या आधारानं रुजते.

मग छताबद्दलही असा नियम का असू नये? गरीब वस्तीच्या छतावर काय करता येतं, हे अहमदाबादनं दाखवलं आहे. तिथे २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा तयार झाला आणि पुढे झोपडवस्त्यांतल्या हजारो छतांना पांढरा चुना किंवा परावर्तक रंग देण्याचं काम हाती घेण्यात आलं. पांढरं छत ऊन परत फेकतं, म्हणून आतली खोली काही अंशांनी थंड राहते, विजेशिवाय, यंत्राशिवाय. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. खुद्द दोह्यात मुशेरिब हा शहराच्या मध्यभागातला परिसर नव्यानं बांधताना अरुंद, सावलीचे रस्ते, फिक्या रंगाच्या जाड भिंती आणि वाऱ्याची दिशा पाहून केलेली मांडणी यांचा मुद्दाम वापर केला गेला. आखातातली जुनी घरंही अशीच होती: जाड भिंती, आतलं अंगण, वारा खाली ओढून घेणारे मनोरे. म्हणजे ज्ञान, पैसा आणि कारागीर यांपैकी कशाचीच वाण नाही. शहराच्या मध्यभागी जे शहाणपण वापरलं, ते ते शहर बांधणाऱ्यांच्या खोल्यांपर्यंत पोहोचलेलं नाही, इतकंच. आणि कॅम्पमध्ये ते पोहोचवणं सोपंही आहे. एका छताखाली शेकडो माणसं राहतात. एक छत रंगवलं की शेकडोंची झोप सुधारते.

पाण्याचा प्रकार थोडा वेगळा आहे, कारण तिथे राहणाऱ्याच्या हातात खरंच काहीतरी आहे. कतारमध्ये नदी नाही; वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरही होत नाही. घराघरात येणारं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं. सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळण्याच्या नव्या पद्धतीनं हजार लिटर गोडं पाणी करायला तीन-चार युनिट वीज लागते. पाणी उकळून वाफ धरण्याच्या जुन्या पद्धतीत ऊर्जा त्याच्या कितीतरी पट जाते. शिवाय उरलेलं दाट खारं आणि कोमट पाणी परत त्या उथळ आखातात सोडलं जातं. म्हणून इथली पाण्याची बादली ही विजेचीही बादली असते. कॅम्पमधल्या माणसांनी मात्र या पाण्याशी जुळवून घेण्याची एक युक्ती कधीच काढली आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की ‘थंड’ नळाखाली हात धरवत नाही. म्हणून एप्रिल-मेपासून गीझर बंद ठेवतात. गीझर आत, एसीच्या हवेत असतो. त्याच्या पोटात पाणी निवत राहतं. मग अंघोळीला ‘गरम’ नळ सोडायचा आणि थंड पाणी घ्यायचं. यात वीज लागत नाही, पैसा लागत नाही, आणि नळाचं पाणी निवेपर्यंत ते वाहू द्यायची वेळही येत नाही. अशीच दुसरी गोष्ट म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. दमट महिन्यांत एक एसी तासाला लिटरभर पाणी सहज देतो. ते पिण्याजोगं नसतं, पण त्यात क्षार जवळपास नसतात. फरशी पुसायला, कुंडीला घालायला उत्तम. बहुतेक ठिकाणी ते भिंतीवर हिरवा ओघळ काढत गटारात जातं. नळीखाली बादली ठेवणं राहणाऱ्याच्या हातात आहे. दहा खोल्यांच्या नळ्या जोडून एका टाकीत सोडणं मालकाच्या. दोन्ही करण्यासारखं आहे.

कचऱ्याबद्दलही तेच. मेसमध्ये उरलेला भात वेगळा काढायला कामगार तयार असतात. पण खाली एकच डबा असेल आणि एकच गाडी सगळं एकत्र उचलत असेल, तर वेगळं काढण्याला अर्थ उरत नाही. कतारनं मेसाईद इथे २०११ मध्ये घरगुती कचऱ्याचं मोठं केंद्र सुरू केलं, जिथे कचऱ्यापासून खत आणि वीज तयार होते. पण केंद्र कितीही चांगलं असलं, तरी त्याच्याकडे जाणारा कचरा उगमापाशी वेगळा झाला तरच खत चांगलं निघतं. पुण्यानं याचं उत्तर माणसांतून शोधलं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते. त्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा गोळा करते. पुणेकर काही जन्मजात शिस्तीचे नाहीत. दाराशी रोज येणारी बाई ‘ओला वेगळा द्या’ म्हणते, म्हणून तो वेगळा होतो. व्यवस्था आधी उभी राहते, सवय तिच्या मागून येते. इंडस्ट्रियल एरियात तर भंगार आणि दुरुस्तीचा एवढा मोठा धंदा आहे, की कॅम्पचा सुका कचरा वेगळा निघाला तर त्याला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप येईल: जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, तिथे पर्यावरणाची चर्चा कशाला? उन्हात राबणाऱ्याला एसी कमी वापर म्हणणं क्रूरपणा आहे. आक्षेप योग्यच आहे, आणि म्हणूनच इथे कोणालाही एसी कमी वापरायला सांगितलेलं नाही. उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला कतारच्या २०२१ च्या नियमानं बंदी आहे, १ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवलं नाही, तर दुसऱ्या दिवशी ते उष्माघाताला लवकर बळी पडतं. थंड खोली ही चैन मानायची नाही. ती औषधाइतकी गरजेची आहे. मुद्दा असा, की चांगलं छत, स्वच्छ फिल्टर आणि न गळणारा एसी यांनी खोली जास्त थंड होते आणि वीज कमी लागते. माणसाची सोय आणि हवेची काळजी इथे एकाच दिशेला जातात. त्यांचं भांडण लावून देणारे लोक बहुधा खर्च टाळू पाहत असतात.

दुसरा आक्षेप सौर विजेचा. अल खरसाह इथला आठशे मेगावॅटचा सौर प्रकल्प ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्यानंतर आणखी प्रकल्प आले. मग बचतीची एवढी घाई का? सौर वीज वाढते आहे ही चांगलीच गोष्ट. पण सूर्य मावळल्यावर कॅम्प भरतो. दिवसभर तापलेली छतं तेव्हाच उष्णता सोडतात आणि एसी रात्रभर चालतात. ती वीज अजून वायूचीच असते. रात्रीची मागणी कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग दिवसा छत तापू न देणं हाच आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा: कामगारांच्या तात्पुरत्या निवासावर इतका पैसा कोण घालील? पण पांढरा रंग महाग नाही, फिल्टर धुवायला पाणी आणि पंधरा मिनिटं लागतात, आणि ‘तात्पुरते’ म्हणून बांधलेले कॅम्प वर्षानुवर्षं वापरात राहतात. कतारी नागरिकांना घरगुती वीज-पाणी मोफत आहे आणि इतरांनाही ते स्वस्तच पडतं, म्हणून बिलाच्या भीतीनं बदल घडेल ही आशा तिथे लंगडी आहे. हेही नियमाच्या बाजूनंच बोलणारं कारण आहे.

तेव्हा कामाची वाटणी अशी करता येईल. राहणाऱ्यानं महिन्यातून दोनदा फिल्टर धुवावा, एसी चोवीस-पंचवीस अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा, ठिबकणारं पाणी धरावं, पिण्याच्या पाण्यासाठी पाच गॅलनचा परत जाणारा कॅन वापरावा. त्याच्याकडून यापेक्षा जास्त मागायचं नाही. कंपनीनं भाडेकरारातच छताचं रोधन, वर्षातून एकदा गळतीची तपासणी आणि गॅस परत काढून घेण्याची अट घालावी. बिल तीच भरत असेल तर हे तिच्याच फायद्याचं आहे. मालकानं छत रंगवावं आणि जुनी यंत्रं बदलावीत. सरकारनं माणशी सहा चौरस मीटरचा नियम करताना जागा मोजली, तशी आता छताखालची उष्णताही मोजावी. आणि दोह्यात, दुबईत किंवा मस्कतमध्ये स्वतःच्या सदनिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ध्यानात घ्यावं, की हिशोबात माणशी जास्त वीज त्यांच्याच बाजूला निघते, आणि बटणंही त्यांच्याच हातात आहेत. त्यांच्यातले कित्येक जण कंपन्यांत इंजिनिअर, व्यवस्थापक, कॅम्पची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी आहेत. घरी बांबूचा ब्रश आणण्यापेक्षा कार्यालयातल्या एका कराराचं कलम बदलणं, हे त्यांच्या हातून होण्यासारखं कितीतरी मोठं काम आहे.

हा न्याय आपल्याकडेही लावायला हवा. पुण्याच्या, नाशिकच्या, नवी मुंबईच्या वाढत्या कडांवर टॉवर उभे राहतात. त्यांच्या जाहिरातींत हरित इमारतीचं प्रमाणपत्र असतं आणि त्यांच्याच कुंपणाला लागून मजुरांच्या पत्र्याच्या शेड असतात, ज्यांत मे महिन्यात दुपारी उभं राहवत नाही. त्या शेडला पांढरा रंग, छताखाली एक थर रोधन आणि हवा खेळायला समोरासमोर दोन खिडक्या एवढं जरी सक्तीचं केलं, तरी कितीतरी माणसांचा उन्हाळा सुसह्य होईल. हरित इमारतीचं प्रमाणपत्र देताना ती इमारत बांधणारे कुठे झोपले, हेही तपासलं पाहिजे. पर्यावरणपूरक घराची खरी परीक्षा त्या घरात कोणत्या वस्तू आहेत यानं होत नाही. या घराचं छत कोणी ठरवलं, बिल कोण भरतं आणि उकाडा कोण सोसतं, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचं उत्तर एकच माणूस असेल, तर त्यानं आपल्या सवयी जरूर सुधाराव्यात. उत्तरं तीन वेगळी असतील, तर सुधारणेची सुरुवात छत ठरवणाऱ्यापासून झाली पाहिजे, आणि ती मागणी करायला आपल्याला त्या छताखाली राहण्याची गरज नाही.